वर्गाबाहेरचे पर्यावरण शिक्षण : मराठवाड्याची पार्श्वभूमी

हाताने काम करत शिकावे, ही गांधीजींच्या नई तालीमची मांडणी 1937 साली वर्ध्याला झाली, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पुढे कोठारी शिक्षण आयोगाने (1964-66) कार्यानुभवाचा, म्हणजे प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा, आग्रह धरला. मात्र बहुतेक शाळांत त्याचा अर्थ खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले करणे एवढाच उरला. शाळेच्या कुंपणापलीकडचे शिवार अभ्यासात आलेच नाही.

पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि 2003 मध्ये या निर्देशांच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा कान उपटले. सक्तीमुळे विषय प्रत्येक शाळेत पोचला हे खरे, पण त्याबरोबर गुण आले, आणि गुणांमागोमाग एकमेकांची पाहून उतरवलेल्या प्रकल्पवह्याही आल्या. 2001-02 पासूनच्या राष्ट्रीय हरित सेनेने, म्हणजे शाळांतल्या पर्यावरण मंडळांच्या केंद्रीय योजनेने, मुलांच्या हाती निदान रोपे आणि कुदळ दिली.

मराठवाड्यात या शिक्षणाला खरी निकड दिली ती दुष्काळाने. 1972 च्या आठवणी आजी-आजोबांकडे होत्याच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते मात्र मुलांनी स्वतः पाहिले. इथल्या काळ्या मातीखालच्या बेसॉल्ट खडकात पाणी फारसे साठत नाही. ते फटींत आणि झिजलेल्या थरांत मुरते तेवढेच विहिरीला येते. हे फळ्यावर समजावणे अवघड असते, पण सरळ कडांचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला त्यातले पावसाचे पाणी पट्टीने मोजणाऱ्या आणि ते विहिरीच्या पातळीशी ताडून पाहणाऱ्या सहावीच्या मुलाला ते लवकर उमगते. शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर धरले, तर गळती-बाष्पीभवन वजा न करता सत्तर हजार लिटर. हे गणित मुलांनी एकदा स्वतः मांडले, की पन्हाळीखाली पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा का हवा, हे गुरुजींना वेगळे सांगावे लागत नाही. त्यामानाने पर्यावरणदिनी रोप लावून छायाचित्र काढणे सोपे. त्याला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. ते जून ते ऑक्टोबरमध्ये विखरून घेतले, तर पाऊस आणि विहिरीची पातळी यांच्या नोंदी एकाच वहीत जमतील. फेब्रुवारीत सलग उरकले, तर ती एक सहलच होईल.