फ्रेंच भाषाशास्त्रातील पीएच.डी. आणि वेतनाविषयीचा गैरसमज

फ्रान्समध्ये भाषाशास्त्रात पीएच.डी. करायची तर खर्च स्वतःच उचलावा लागतो आणि सरकारी पैसा केवळ फ्रेंच नागरिकांना मिळतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही, आणि या समजापायी चांगले विद्यार्थी अर्जच करत नाहीत याचे वाईट वाटते.

२००९ च्या शासकीय आदेशाने तेथे ‘काँत्रा दॉक्तोराल’ हा करार अस्तित्वात आला. तो शिष्यवृत्तीचा नसून नोकरीचा करार आहे: मुदत साधारणपणे तीन वर्षे, दरमहा पगार, सामाजिक सुरक्षेचे संरक्षण, आणि राष्ट्रीयत्वाची अट नाही. २०२५ मध्ये किमान पगार करकपातीपूर्वी दरमहा २,२०० युरो होता. करारात अध्यापनाचाही समावेश होऊ शकतो, पण अशा जोडकामांना कामाच्या वेळेच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक वेळ देता येत नाही.

अडचण आहे ती स्पर्धेची. जागा मोजक्या असतात, आणि विद्यापीठाची डॉक्टरल शाळा, म्हणजे पीएच.डी.चे काम पाहणारा विभाग, बहुधा वसंत ऋतूत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला निवड करते. त्याआधी मार्गदर्शकाची संमती आणि नेमका संशोधन प्रस्ताव हाती असावा लागतो. म्हणून प्रयोगशाळेची, म्हणजे जिथे संशोधन करायचे त्या केंद्राची, निवड विचारपूर्वक करावी. उदाहरणार्थ, कोशरचना किंवा शब्दव्युत्पत्ती हा विषय असेल, तर फ्रेंच भाषेचा महाकोश संगणकावर आणणारी नान्सी येथील ‘आतिल्फ’ ही प्रयोगशाळा अगदी योग्य ठरते. निव्वळ ‘फ्रेंच व्याकरणात रस आहे’ असे कळवणाऱ्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता कमीच.