कैदेत की स्थानबद्ध?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ही बातमी अधूनमधून असतेच : ‘सराईत गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध, वर्षभरासाठी येरवड्यात रवानगी’. (एमपीडीए म्हणजे धोकादायक कारवाया रोखण्यासाठीचा महाराष्ट्राचा कायदा.) वाचणारा म्हणतो, बरं झालं, वर्षाची कैद झाली. तुरुंग तोच, गज तेच, त्यामुळे चूक सहज होते. पण त्या गुंडाला कैद झालेलीच नसते.

मराठीतली क्रियापदं पाहिली तरी फरक कळतो. कैद ‘ठोठावतात’ आणि माणूस ती ‘भोगतो’. कैद साधी असते किंवा सश्रम. जुनी माणसं अजून सक्तमजुरी म्हणतात. स्थानबद्धता मात्र कोणी ठोठावत नाही. माणसाला स्थानबद्ध ‘करतात’. कारण कैद ही शिक्षा : आधी खटला, मग दोष सिद्ध, मग न्यायाधीशाचा निकाल. स्थानबद्धतेचा आदेश पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी काढतात, आणि तो माणसाने पुढे काही करू नये म्हणून. त्याची आधीची प्रकरणं त्यात आधार म्हणून येतात, पण त्या आदेशाने त्यांचा निकाल लागत नाही.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण पुण्यातलंच आहे. 1922 च्या मार्चमध्ये अहमदाबादला गांधीजींवर राजद्रोहाचा खटला चालला, त्यांनी गुन्हा कबूल केला, सहा वर्षांची साधी कैद झाली आणि ते येरवड्यात आले. ही कैद. पुढे 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात त्यांना पकडून त्याच येरवड्यात ठेवलं, पण या वेळी खटला नाही, शिक्षा नाही, मुदतही नाही. सरकारने 1827 चा, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा, एक रेग्युलेशन काढून वापरला. ही स्थानबद्धता. माणूस तोच, तुरुंगही तोच. तेव्हा इमारत बघून शब्द ठरवता येत नाही. पुढे 1942 मध्ये तर तुरुंगही नव्हता. आगाखान पॅलेस हा राजवाडा. तरी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघेही तिथे स्थानबद्ध असतानाच वारले.

सावरकरांच्या बाबतीत हा शब्द आणखी सैल होतो. 1924 मध्ये सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर, आणि ही बंधनं 1937 पर्यंत राहिली. त्या काळात ते सभा घेत होते, लिहीत होते, घरी राहत होते. ‘स्थानाला बांधलेला’ हा शब्दाचा अक्षरशः अर्थ त्यांनाच जास्त लागू पडतो. आजच्या एमपीडीएतल्या माणसाला बांधायला जिल्हा नव्हे, बराक मिळते. (तडीपारी याच्या बरोबर उलट : स्थानबद्धाला बाहेर जायची बंदी, तडीपाराला आत यायची.)

नजरकैद हा शब्द आणखी गोंधळ घालतो. त्यात ‘कैद’ आहे, पण शिक्षा नाही. 1666 मध्ये आग्र्याला शिवाजी महाराजांच्या मुक्कामाभोवती पहारे बसले, तिथे निकाल कोणी दिला होता? आणि तुरुंगात खटल्याची वाट पाहत बसलेल्यालाही आपण ‘कच्चा कैदी’ म्हणतोच. म्हणजे ‘कैदी’ म्हणजे आत असलेला कोणीही, पण नुसती ‘कैद’ म्हणजे शिक्षाच. भाषेचा हा ढिलेपणा मला तरी फारसा खटकत नाही, बातमीत खटकतो.

कायद्याच्या बाजूने एवढं पुरे : घटनेच्या 22 व्या कलमानुसार तीन महिन्यांपेक्षा जास्त स्थानबद्ध ठेवायचं तर सल्लागार मंडळाची संमती लागते, आणि महाराष्ट्राच्या 1981 च्या एमपीडीए कायद्यात ही मुदत जास्तीत जास्त बारा महिने आहे.

शेवटही दोघांचा वेगळा असतो. कैदी शिक्षा भोगून सुटतो, किंवा अपिलात निर्दोष ठरतो. स्थानबद्धतेचा आदेश ‘रद्द’ होतो, बरेचदा कारणं वेळेवर कळवली नाहीत, कागद त्याच्या भाषेत दिले नाहीत, अशा मुद्द्यांवर. म्हणून ‘उच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली’ असं वाचलं, तर तो निर्दोष सुटला असं समजू नये. त्याच्यावरचे खटले होते तिथेच उभे असतात.