तांत्रिक मजकुराचा पुनर्वापर

तांत्रिक मजकुराचा पुनर्वापर : संस्थेच्या सूचनापुस्तिका, दुरुस्तीपुस्तिका, प्रशिक्षण-साहित्य आणि ऑनलाइन मदतपाने यांना लागणारा मजकूर एकदाच लिहून, एकाच जागी सांभाळून, हवा तिथे संदर्भाने आणण्याची पद्धत. तांत्रिक लेखकांमध्ये ‘सिंगल सोर्सिंग’ हे नाव जास्त रुळलेले आहे. कॉपी-पेस्टचा यात समावेश होत नाही. कॉपी केलेला परिच्छेद त्याच क्षणी मूळ परिच्छेदापासून तुटतो आणि पुढे दोघांचे आयुष्य वेगवेगळे होते. पुनर्वापरात दुसरी प्रत तयारच होत नाही. पुस्तिकेत असतो तो फक्त मूळ मजकुराचा पत्ता.

गरज : मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमध्ये वीजपुरवठा तोडल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर धोकादायक व्होल्टेज काही मिनिटे टिकून राहते. म्हणून ‘पुरवठा बंद केल्यावर इतकी मिनिटे थांबा, मगच झाकण उघडा’ ही ताकीद जोडणीच्या पुस्तिकेत, देखभालीच्या पुस्तिकेत, सेवा विभागाच्या कार्यपद्धतीत, प्रशिक्षणाच्या स्लाइडवर आणि यंत्रावरच्या स्टिकरवर द्यावी लागते. समजा, नव्या मॉडेलमध्ये कपॅसिटर मोठे आले आणि ५ मिनिटांची १५ मिनिटे झाली. आता पाच ठिकाणी दुरुस्ती हवी. चार ठिकाणी ती होते. पाचवी फाइल वेगळ्या विभागाकडे असते आणि तिथे कोणी कळवलेले नसते. पुस्तिका वाचून काम करणाऱ्या तंत्रज्ञाने मात्र प्रत्येक कागदावर सारखाच विश्वास टाकलेला असतो. पुनर्वापराचा विचार बहुधा खर्च वाचवण्याच्या भाषेत मांडला जातो. प्रत्यक्षात त्याचे पहिले काम दोन कागदांमध्ये विसंगती येऊ न देण्याचे आहे.

कार्यपद्धती : यासाठी पुस्तिका प्रकरणांऐवजी ‘टॉपिक’ नावाच्या छोट्या, स्वयंपूर्ण घटकांत लिहितात. एका टॉपिकमध्ये एकच गोष्ट असते : एखादी संकल्पना, एखादी कृती किंवा संदर्भासाठीची माहिती, उदा. तक्ते आणि मूल्ये. कोणते टॉपिक कोणत्या क्रमाने घ्यायचे हे ‘मॅप’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये नोंदवतात. मॅप बदलला की त्याच टॉपिकांतून दुसरी पुस्तिका उभी राहते, आणि पीडीएफ असो की वेबपान, मांडणी प्रकाशनाच्या वेळी चढवली जाते.

टॉपिकपेक्षा लहान तुकडाही उचलता येतो. वरची ताकीद सामाईक सूचनांच्या एका फाइलमध्ये स्वतःच्या आयडीसह ठेवतात आणि पुस्तिकांमध्ये त्या आयडीचा संदर्भ देतात. डिटा (डार्विन इन्फर्मेशन टायपिंग आर्किटेक्चर) या टॉपिकवार लेखनाच्या मानक पद्धतीत याला ‘कॉनरेफ’ म्हणतात. मॉडेलनुसार बदलणारा मिनिटांचा आकडा ‘की’ म्हणून बाहेर काढला, तर वाक्य एकच राहते आणि आकडा प्रत्येक मॉडेलच्या मॅपमधून येतो. तिसरा मार्ग सशर्त मजकुराचा. एखाद्या पायरीवर ‘फक्त थ्री-फेज मॉडेलसाठी’ असा टॅग लावतात आणि प्रकाशन करताना गाळणी ठरवते की ती पायरी ठेवायची की वगळायची. ही सोय मोहात पाडणारी आहे. एकाच वाक्यातले निम्मे शब्द एका टॅगखाली आणि निम्मे दुसऱ्या टॅगखाली गेले की ते वाक्य शेवटी कसे वाचले जाईल हे लेखकालाही सांगता येत नाही. शर्त संपूर्ण पायरीला किंवा परिच्छेदाला लावावी, शब्दाला नाही, हा नियम त्यामुळेच पाळण्याजोगा आहे.

लिहिण्याची सवयही बदलावी लागते. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘मागच्या प्रकरणात पाहिलेला व्हॉल्व्ह’ असे शब्द टॉपिकमध्ये चालत नाहीत, कारण पुढच्या पुस्तिकेत त्याच्या वर काय असेल हे ठाऊक नसते.

भाषेच्या मर्यादा : उत्पादनाचे नाव व्हेरिएबल, म्हणजे बदलता शब्द, ठेवून बाकी वाक्य कायम ठेवण्याची युक्ती इंग्रजीत बरीच चालते. मराठीत ती लगेच अडते. ‘पंप सुरू झाला’, ‘मोटर सुरू झाली’, ‘यंत्र सुरू झाले’ : नावाचे लिंग बदलले की क्रियापद बदलते. शिवाय विभक्ती लागताना ‘पंपाचे’, ‘यंत्राचे’ असे सामान्यरूप होते, म्हणजे नाव होते तसे राहतच नाही. जर्मनमध्ये उपपदे, तर रशियन आणि पोलिशमध्ये विभक्तिरूपे अशीच आड येतात. अनेक भाषांत जाणाऱ्या मजकुरात पुनर्वापराचा सर्वांत लहान घटक पूर्ण वाक्य असावा. पूर्ण पायरी असेल तर आणखी चांगले. शब्द-शब्द जोडून वाचवलेला वेळ अनुवादकाकडून व्याजासह वसूल होतो.

भाषांतरातला फायदा तरीही मोठा आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या यंत्रसामग्री निर्देशानुसार यंत्रासोबतच्या सूचना ते ज्या सदस्य देशात बाजारात येते त्या देशाच्या अधिकृत भाषेत द्याव्या लागतात, आणि संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत. मंजूर झालेला टॉपिक प्रत्येक भाषेत एकदाच अनुवादित होतो. पुढच्या पुस्तिकेत फक्त नवे आणि बदललेले टॉपिक अनुवादासाठी जातात. अनुवाद-स्मृतीची सॉफ्टवेअरे जुनी वाक्ये पुन्हा पुरवतात खरी, पण तीच सूचना तीन लेखकांनी तीन प्रकारे लिहिली असेल तर स्मृतीच्या दृष्टीने ती तीन वेगळी वाक्ये ठरतात.

इतिहास : मजकूर आणि त्याची मांडणी वेगळी ठेवण्याच्या कल्पनेवर हे सारे उभे आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी जीएमएल ही चिन्हांकन-भाषा, म्हणजे मजकुराच्या भागांना खुणा लावण्याची पद्धत, घडवली. तिच्यातून एसजीएमएल आली आणि १९८६ मध्ये आयएसओ ८८७९ हे मानक ठरली. तिचेच सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल १९९८ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केली. एका दस्तऐवजातला भाग दुसऱ्यात जिवंत संदर्भाने दाखवण्याची कल्पना टेड नेल्सन यांनी मांडली होती. विमान उद्योगाने एस१०००डी हे मानक विकसित केले. त्यात प्रत्येक ‘डेटा मॉड्यूल’ला सांकेतिक क्रमांक असतो आणि त्यावरून विमानाची कोणती प्रणाली, कोणता भाग आणि कोणत्या प्रकारची माहिती हे कळते. आयबीएमने तयार केलेली डिटा २००४ मध्ये ओएसिस या मानक-संस्थेकडे गेली, तिची १.० आवृत्ती २००५ मध्ये आणि १.३ आवृत्ती २०१५ मध्ये मंजूर झाली. डिटाच्या पूर्ण नावात डार्विन आहेत, कारण नवे टॉपिक-प्रकार मूळ प्रकारांचे गुण वारशाने घेऊन तयार होतात. अलीकडे अनेक सॉफ्टवेअर संस्था मार्कडाउन किंवा अ‍ॅस्कीडॉक या साध्या चिन्हांकन-पद्धतींमध्ये लिहून मजकूर गिट या फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, थेट कोडशेजारी ठेवतात. तिथे रिव्ह्यू सोपा होतो. मार्कडाउनमध्ये मात्र दुसऱ्या फाइलमधला मजकूर आणण्याची सोय मुळात नाही, ती वापरलेल्या साधनावर अवलंबून असते.

व्यवस्थापन : साधन विकत घेतल्यावर खरे काम सुरू होते. सामाईक मजकुराला मालक लागतो. ताकीद पाच पुस्तिकांत वापरलेली असेल, तर ती बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरले नाही तर एकाची दुरुस्ती दुसऱ्याची चूक बनते. कारण पुनर्वापरात चूकही एका क्षणात सगळीकडे पोचते. म्हणूनच घटकांच्या पातळीवर मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालींमध्ये ‘हा टॉपिक कुठे कुठे वापरला आहे’ हा अहवाल फार मोलाचा असतो. तो पाहिल्याशिवाय सामाईक टॉपिकला हात लावू नये. बाजारात गेलेल्या आवृत्तीचा मजकूर ‘बेसलाइन’ घेऊन गोठवावा लागतो, नाहीतर जुन्या यंत्राच्या पुस्तिकेत नव्या यंत्राचे आकडे शिरतात. तसेच नावे, विषय आणि मॉडेल यांची वर्णनात्मक माहिती प्रत्येक टॉपिकला नीट जोडलेली हवी. आधी लिहिलेला मजकूर शोधून सापडला नाही, तर घाईत असलेला लेखक तो पुन्हा लिहितो, आणि कोठारात एकाच सूचनेची जुळी भावंडे जमू लागतात.

एकच उत्पादन, एकच भाषा आणि क्वचित बदलणारी पुस्तिका असलेल्या लहान संस्थेला हा सारा डोलारा परवडत नाही आणि लागतही नाही. तिथे शब्दांची एक ठरलेली यादी आणि सगळ्या ताकिदी एकत्र ठेवणारी एक फाइल पुरते. मॉडेले, भाषा आणि लेखक यांपैकी दोन गोष्टी एकदम वाढू लागल्या की टॉपिकवार लेखनाकडे वळण्याची वेळ येते; त्या वेळी ताकिदींची ती फाइल आधीच तयार असेल, तर सामाईक टॉपिकांची पहिली खेप तिच्यातूनच निघते.