खाद्यकीटकांची निवड (प्रौढ बिअर्डेड ड्रॅगनसाठी)

बिअर्डेड ड्रॅगन (पोगोना व्हिटिसेप्स) हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, मिश्राहारी सरडा. पिल्लू मुख्यतः कीटकांवर वाढते. दीड वर्षाच्या आसपास वाढ मंदावली की आहाराचे प्रमाण उलटते: सुमारे तीन चतुर्थांश पालाभाजी आणि उरलेला हिस्सा कीटक. पाळणाऱ्यांची गल्लत बहुधा इथेच होते. जुन्या सवयीने रोज वाटीभर कीटक घातले जातात, ड्रॅगन पाल्याला तोंड लावेनासा होतो, अंगावर आणि यकृतात चरबी साठत जाते. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला पाच ते दहा कीटक पुरतात. अंड्यावर आलेल्या मादीला मात्र जास्त लागतात.

निवड करताना आधी चरबी पाहावी, मग कॅल्शियम. जिवंत रातकिड्यात वजनाच्या ६-७ टक्के चरबी असते, मीलवर्ममध्ये (एका भुंगेऱ्याची अळी) सुमारे १३, सुपरवर्ममध्ये (तशीच, पण मोठी अळी) १७-१८ आणि मेणपतंगाच्या अळीत जवळजवळ २५ टक्के. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट असावे लागते. रातकिड्यात ते उलट, साधारण सातास एक या प्रमाणात फॉस्फरसच जास्त भरते. मीलवर्मची स्थिती याहून वाईट. ही तूट भरून निघाली नाही, किंवा यूव्हीबी (अतिनील) प्रकाश अपुरा पडला, तर हाडे मऊ होतात, जबडा लिबलिबीत होतो, पाय थरथरू लागतात.

नेहमीच्या आहारासाठी डुबिया झुरळ (ब्लॅप्टिका डुबिया) सर्वांत सोयीचे. गुळगुळीत भिंतीवर ते चढत नाही, ओरडत नाही, फारसा वासही येत नाही, आणि मादी थेट पिल्ले देत असल्याने घरी पैदास करता येते. त्यासाठी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. थंडीत प्रजनन थांबते. प्रौढ ड्रॅगनला दोनेक सेंटिमीटरची अर्धवट वाढलेली झुरळे द्यावीत. मापाचा ढोबळ नियम असा की कीटक ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. काही देशांत ही परकी जात पाळायला बंदी आहे, तेव्हा आधी नियम पाहावेत.

रातकिडे पळतात, त्यामुळे सुस्तावलेल्या ड्रॅगनला त्यांच्यामागे हालचाल करावी लागते. पण ते सांभाळणे कटकटीचे. ओलाव्याने आणि गर्दीने पटापट मरतात, पाण्याच्या वाटीत बुडतात. म्हणून गाजराची फोड किंवा पाण्याची जेली ठेवावी. घरगुती रातकिड्याचे (अचेटा डोमेस्टिकस) साठेच्या साठे डेन्सोव्हायरसने बसल्याने अनेक उत्पादक या विषाणूला दाद न देणाऱ्या पट्टेरी जातीकडे वळले आहेत. टोळही उत्तम, फक्त महाग पडतात.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त असते, त्यामुळे त्यांना कॅल्शियमची पावडर लावावी लागत नाही. हे कॅल्शियम अळीच्या कातडीत असते; अळी न चावता गिळली गेली तर ती विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडते आणि फायदा हातचा जातो. रेशमाच्या अळीत चरबी अगदी थोडी. हॉर्नवर्ममध्ये (एका पतंगाची मोठी हिरवी अळी) तर बहुतेक पाणीच, म्हणून पाणी कमी पिणाऱ्या ड्रॅगनला एखाददुसरा चालतो, जास्त दिले की पातळ विष्ठा. टोमॅटो-तंबाखूच्या झाडावरून उचललेला हॉर्नवर्म मात्र विषारी ठरू शकतो. सुपरवर्म आठवड्याला तीन-चारपेक्षा जास्त नकोत. मीलवर्म फ्रिजमध्ये टिकतात, सुपरवर्म तिथे मरतात. मेणपतंगाची अळी म्हणजे निव्वळ मिठाई: आजारातून उठलेल्या, वजन घटलेल्या ड्रॅगनला काही दिवस द्यायची आणि थांबवायची, नाहीतर तो दुसरे काही खात नाही.

खरे तर कोणता कीटक याइतकेच तो काय खाऊन आला हे महत्त्वाचे. विकत आणलेले कीटक बऱ्याचदा उपाशी असतात. ते तसेच घालणे म्हणजे रिकामे टरफल घालणे. खायला देण्याआधी २४ ते ४८ तास त्यांना हिरवा पाला, गाजर, रताळे किंवा कॅल्शियमयुक्त तयार खाद्य द्यावे. असे कॅल्शियमयुक्त खाद्य महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास कीटकच मरू लागतात, त्यामुळे ते शेवटच्या दोन दिवसांपुरतेच. झुरळांना कुत्र्या-मांजरांचे प्रथिनयुक्त खाद्य देऊ नये, कारण जादा नायट्रोजन ती यूरिक आम्लाच्या रूपात अंगात साठवतात.

मग कीटक डब्यात घेऊन, फॉस्फरसविरहित कॅल्शियम पावडरची चिमूट टाकून डबा हलवावा. थर पातळ हवा. पांढरेफटक झालेले कीटक ड्रॅगन थुंकतो. पावडर लावताच ते द्यावेत, कारण रातकिडे थोड्याच वेळात अंग स्वच्छ करून टाकतात. मल्टिव्हिटामिन आठवड्यातून एकदा पुरे.

दिवे मालवायच्या दोन तास आधी खाणे आटोपलेले असावे. उबेशिवाय पचन होत नाही आणि अन्न पोटात कुजते. हिवाळी सुप्तावस्थेत शिरणाऱ्या ड्रॅगनला कीटक देऊच नयेत. दहा-पंधरा मिनिटांत न खाल्लेले रातकिडे उचलावेत: रात्री ते झोपलेल्या ड्रॅगनची बोटे आणि पापण्या कुरतडतात, शिवाय पिंजऱ्यातली विष्ठा खाऊन कॉक्सिडियासारखे परजीवी पुन्हा त्याच्याच पोटात पोचवतात.

बागेतून पकडलेले कीटक कीटकनाशकांमुळे आणि परजीवींमुळे टाळावेत. काजव्यांबाबत तर सूट नाही. काही जातींतल्या ल्युसिब्युफॅजिन या हृदयावर परिणाम करणाऱ्या विषामुळे एक काजवाही प्रौढ ड्रॅगनचा जीव घेतो, तोही तासा-दोन तासांत. रात्री खिडकी उघडी असेल आणि दिव्याकडे किडे येत असतील, तर पिंजऱ्याला बारीक जाळी हवी.