डेप्थ गेज आणि डाइव्ह कॉम्प्युटर : एक वाव मोजतो, दुसरा हिशेब ठेवतो

मालवणात स्कूबा डायव्हिंगचा कोर्स संपवून पहिल्यांदा शिक्षकाचा हात न धरता बुडी मारून वर आलो, तेव्हा होडीवरच्या तांडेलाने दोन प्रश्न विचारले. "किती वाव पाणी होता रे?" आणि लगेच, "किती येळ होतंस?" त्याचे वडील दोरीला शिसं बांधून पाणी मोजायचे. आता होडीवर फिश फायंडर आहे, पण तोंडात अजून वावच. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी डेप्थ गेज बघून ऐटीत दिलं. दुसऱ्याचं देता येईना. उतरताना घड्याळ बघायचंच राहिलं होतं.

खोली आणि वेळ, दोन्ही लागतात. डेप्थ गेजला यातलं एकच कळतं.

खरं तर गेज खोलीसुद्धा मोजत नाही, दाब मोजतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. डायलच्या आत धातूची वाकवलेली पोकळ नळी असते. दाब वाढला की तिचा बाक बदलतो आणि काटा सरकतो. बॅटरी नाही, बटण नाही. बऱ्याच गेजांत एक दुसरा काटाही असतो, तो सगळ्यात खोल जिथे गेलात तिथे अडकून राहतो. पुढच्या बुडीआधी तो हाताने शून्यावर आणावा लागतो, नाहीतर कालची खोली आजची म्हणून वाचली जाते. आणखी एक घोटाळा नवख्यांचा हमखास होतो. गेज ज्या रबरी चौकटीत (कन्सोल) बसवलेला असतो, तिच्यातच सिलिंडरच्या हवेचाही डायल असतो. एकावर मीटर, दुसऱ्यावर बार. घाबरलेला माणूस भलत्याच डायलकडे टक लावून बसतो.

डाइव्ह कॉम्प्युटरच्या पोटातही दाब मोजणारा सेन्सरच असतो. फक्त त्याला घड्याळ जोडलेलं असतं आणि एक हिशेबनीस. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. घाईने वर आलं तर सोडा बाटलीसारखे त्याचे बुडबुडे धरतात. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली सुखरूप वर कसं यायचं याचे पहिले तक्ते मांडले. शरीर म्हणजे वेगवेगळ्या वेगाने भरणारी आणि रिकामी होणारी भांडी, अशी त्यांची कल्पना. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी अशी १६ भांडी धरून गणित बसवलं, आणि आजचे कितीतरी कॉम्प्युटर त्याच गणितावर चालतात. दर काही सेकंदांनी खोली बघायची, भांडी किती भरली ते काढायचं आणि या खोलीवर अजून किती मिनिटं थांबता येईल ते दाखवायचं, एवढंच त्याचं काम. तुमच्या रक्तात त्याला डोकावता येत नाही. रात्री झोप झाली नाही, पाणी कमी प्यालात, हे त्याला कोण सांगणार?

फरक कुठे जाणवतो ते बघा. समजा १८ मीटरवर १० मिनिटं काढली आणि मग खडकाच्या कडेने ८ मीटरवर येऊन अर्धा तास रेंगाळलात. गेज, घड्याळ आणि कुठल्या खोलीवर किती मिनिटं चालतील ते सांगणारा छापील तक्ता घेऊन बसलात तर सगळा वेळ १८ मीटरवर गेला असं धरावं लागतं. कॉम्प्युटर मात्र जितका वेळ जिथे होतात तितकाच मांडतो, त्यामुळे पुढच्या बुडीला जास्त मिनिटं उरतात.

मग हा खर्च सगळ्यांनी करावा का? सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ शिक्षकाच्या हाताला धरून उथळ पाण्यात मासे बघून येणाऱ्या पाहुण्याला दोन्हींची गरज नाही. उपकरणं बघणं शिक्षकाचं काम. सर्टिफिकेट घेऊन १२ मीटरपर्यंत जाणाऱ्याची पहिल्या बुडीत सिलिंडरमधली हवाच बहुधा आधी संपते, कारण एका प्रचलित तक्त्याप्रमाणे तिथे थांबण्याची मर्यादा १४७ मिनिटं आहे. पण तोच तक्ता ३० मीटरला फक्त २० मिनिटं देतो. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचा माथाच सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे. तिथे दिवसाला तीन बुड्या म्हटल्या की मनात हिशेब ठेवणं माझ्या तरी आवाक्यातलं नाही.

आता मुद्दा बॅकअपचा. "कॉम्प्युटर बंद पडला तर गेज आहेच की," असं मीही म्हणायचो. एका सहलीत दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बुडीत, २१ मीटरवर स्क्रीन कोरा झाला. बॅटरी दुबळी असल्याची खूण आदल्या रात्री दिसली होती, मी काणाडोळा केला होता. जोडीदाराला खूण केली आणि गेज व घड्याळ बघत निघालो. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे १० वरून ५ मीटरवर यायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्तच वेळ. नायट्रोजन सावकाश निघावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, ते मी सहा मिनिटं थांबलो. गेजने मला सुखरूप वर आणलं, त्यात शंका नाही.

पण दुपारी पुन्हा उतरायची वेळ आली तेव्हा कळलं की त्या गेजला आदल्या दीड दिवसाचं काहीच ठाऊक नाही. होडीवर एक जादा कॉम्प्युटर होता, तो चांगल्या मनाने पुढे केला गेला. नको म्हटलं. त्याच्या लेखी मी त्या दिवशी पाण्यात पायच घातला नव्हता. तो मला कोरं खातं उघडून देणार होता. जोडीदाराच्या आकड्यांवरही जाता येत नाही. तो माझ्याहून दोन मीटर वर पोहत होता, हिशेब त्याचा होता. तेव्हा अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून २४ तास होडीवर बसलो, कॅमेरे पुसत.

म्हणून गेज हा वर येण्यापुरता बॅकअप आहे. सहल वाचवायची तर दुसरा कॉम्प्युटरच हवा, आणि तो पहिल्या बुडीपासून अंगावर हवा. बॅगेत ठेवलेला कोराच राहतो. भाड्याने घेणाऱ्यांनीही सहल संपेपर्यंत एकच यंत्र धरून ठेवावं. दोन कॉम्प्युटर असतील तर दोन्हींचं गणित एकाच पद्धतीचं असलेलं उत्तम. नसेल तर जो कमी मिनिटं देतो त्याचं ऐकायचं.

निवडताना मी किमतीआधी आकड्यांचा आकार बघतो. आपल्याकडचं पाणी अनेकदा गढूळ, तिथे मनगटावरची नक्षी वाचता येत नाही. मोठे आकडे, चांगला बॅकलाइट. दुसरं, बॅटरी. घड्याळजीकडे मिळणारी आणि स्वतःला बदलता येणारी असली तर कुडाळ-मालवणातही अडत नाही. कंपनीकडेच पाठवावी लागणारी असली तर हंगाम गेला. बदलताना रबरी रिंगवर वाळूचा कण राहिला नाही ना, ते बघायचं. सिलिंडरमधली हवा यंत्रावरच दाखवणारे महागडे प्रकार सुरुवातीला सोडून द्या, त्या पैशात दोन साधे कॉम्प्युटर येतात. बुडीनंतर गोड्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडा करायचा, कारण कित्येक मॉडेल ओल लागली की आपोआप चालू होतात. पावसाळ्यात दमट बॅगेत पडलेलं असं यंत्र बॅटरी खात बसतं.

उरलं घाटाचं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे तिथेही धरू शकतात. अनेक बुड्यांनंतर विमानाआधी किमान १८ तास थांबा, हे सगळे सांगतात. हा नियम ६०० मीटरच्या वर मोटारीने चढणाऱ्यालाही लागू होतो, हे कमी जण सांगतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. कॉम्प्युटर हे तास उलटे मोजत दाखवतो, गेजला घाट माहीत नाही. कोल्हापूरला परतायचं असलं की मी शेवटची बुडी शनिवारी सकाळीच मारतो आणि रविवारी जेवण करून, बांगडे बर्फात घालून, दुपारी निघतो.