जंतूंची जलद ओळख आणि औषधरोध तपासणी

रुग्णाच्या रक्तात, थुंकीत किंवा लघवीत नेमका कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या प्रतिजैविकाला दाद देत नाही, हे काही मिनिटांत किंवा तासांत सांगणाऱ्या प्रयोगशाळेतील पद्धती. प्रश्न दोन आहेत. पहिला आता बराच सोपा झाला आहे, दुसरा अजून नाही.

जुन्या रीतीत सगळा वेळ जंतू वाढण्यात जातो. थाळीवर वसाहती दिसायला एक रात्र, मग औषधाच्या चकत्या ठेवून त्यांच्याभोवतीचे मोकळे वर्तुळ मोजायला दुसरी. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायलाच १५ ते २० तास लागतात, म्हणून त्याच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, निकाल यायला कित्येक आठवडे जातात. तोवर डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते.

ओळखीचा प्रश्न माल्डी-टॉफ या रेणूंचे वजन मापणाऱ्या यंत्राने सोडवला. काडीच्या टोकाने वसाहतीचा कण धातूच्या पट्टीवरील ठिपक्यावर पुसतात, त्यावर लेसरची ऊर्जा शोषणाऱ्या मॅट्रिक्स रसायनाचा थेंब टाकून सुकू देतात. लेसर पडताच प्रथिने सुटून निर्वात नळीतून धावतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. पोचण्याच्या वेळांचा आलेख साठवलेल्या आलेखांशी जुळवला की काही मिनिटांत नाव कळते. या तंत्रामागील कामासाठी कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ई. कोलाय आणि शिगेला मात्र इतके जवळचे, की इथे यंत्र गोंधळते.

औषधरोधासाठी पीसीआरने, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने, रोधाची जनुके शोधतात: स्टॅफिलोकोकसमध्ये मेक-ए, कार्बापेनेम ही प्रबळ प्रतिजैविके निकामी करणाऱ्या जंतूंमध्ये एनडीएम किंवा केपीसी. क्षयासाठीच्या एक्सपर्ट चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. जंतू आणि त्याचा रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला असलेला रोध ती सुमारे दोन तासांत दाखवते. क्षयाच्या निदानात इतका मोठा फरक क्वचितच कशाने पडला असेल.

पण जनुक सापडले नाही म्हणजे औषध चालेलच असे नाही. जंतू औषध आत येण्याची दारे कमी करतो किंवा आलेले बाहेर फेकतो, आणि ठरावीक जनुके शोधणाऱ्या चाचणीला ते दिसत नाही. म्हणून वाढ पाहणे सुटलेले नाही, फक्त आटोपशीर झाले आहे: ब्लड कल्चर बाटलीत रुग्णाचे रक्त ठेवतात, आणि जंतू वाढल्याने ती पॉझिटिव्ह ठरली की तिच्यातला द्रव थेट थाळीवर पसरून युरोपीय पद्धतीत ४, ६ किंवा ८ तासांनी वर्तुळे मोजतात.

बाटली रात्री दहाला पॉझिटिव्ह झाली आणि सकाळी नऊला कोणी हातात घेतली, तर यंत्राने वाचवलेले तास तिथेच जातात.