सतरा वर्षं समोर असलेला साप

गुजरातमधल्या धोली डुंगरी गावाजवळ १९८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना डायनोसॉरची अंडी मिळाली, आणि अंड्यांच्या शेजारी दगडात रुतलेली बारीक हाडं. अंड्यांपाशी हाडं, म्हणजे नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू असणार. १९८७ साली त्यांनी तसा शोधनिबंधही लिहिला, आणि तो अर्धा बरोबर होता! पिल्लू होतंच. पण सगळी हाडं त्याची नव्हती.

२००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला. काही मणके त्यांना खटकले. सापाच्या मणक्यांना नेहमीच्या सांध्यांखेरीज जास्तीची एक खीळ-खाच असते, लांबलचक पाठीला पीळ बसू नये म्हणून. ती खीळ इथे दिसत होती. पुढे हा दगड मिशिगनला नेऊन साफ केला. हे काम छिन्नी-हातोड्याचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने कण कण खरवडायचं आणि हाड उघडं पडेल तसं पातळ रेझिन पाजून ते घट्ट करायचं. हळूहळू चित्र स्पष्ट झालं: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, साडेतीन मीटर लांबीचा साप. शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू आणि न फुटलेली दोन अंडी. २०१० साली सापाचं नाव जाहीर झालं, 'सनाजेह इंडिकस'.

आजच्या अजगरासारखा प्रचंड जबडा याला फाकवता येत नव्हता. त्यामुळे खरबुजाएवढी अंडी गिळणं त्याला जमलं नसतं, पण त्यातून निघणारं पिल्लू तोंडात मावत होतं. ते पिल्लू होतं टायटॅनोसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचं. वाढून अजस्र होणाऱ्या या प्राण्याला अशा सापाचा धोका होता तो अंड्यातून निघाल्यावरच्या सुरुवातीच्या काळात. बहुधा वादळी पावसात चिखल-वाळूचा लोंढा वरून आला आणि शिकारी नि शिकार एकदमच गाडले गेले.

आता कल्पना करा, १९८४ साली कुणी उत्साहाने त्यातलं अंडं तेवढं सुटं करून आणलं असतं तर? अंडं मिळालं असतं, गोष्ट गेली असती. जीवाश्म जपायचा म्हणजे नुसतं हाड जपायचं नसतं, त्याचा शेजारही जपायचा असतो. कुठल्या थरात, कोणत्या बाजूला तोंड करून, कशाला चिकटून, हे सगळं आधी टिपून घेतात. मग भोवतीचा दगड ठेवूनच तुकडा मोकळा करतात, त्यावर ओला कागद आणि त्यावर प्लॅस्टरमध्ये भिजवलेलं गोणपाट गुंडाळतात. मोडलेल्या पायाला घालतात ना, अगदी तसंच.

संग्रहालयात पोचला की जीवाश्म सुखरूप झाला, असंही नाही. ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलेल्या विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरला डायनोसॉरच्या शेपटीचे मणके सापडले. १८७७ मध्ये त्यांच्यावरूनच 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव ठेवलं गेलं. नंतर मूळ मणका गहाळ झाला तो थेट २०१२ मध्ये मिळाला, कोलकात्यात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात. शोधणाऱ्यांत मोहबे होतेच. उलट मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक शेतातले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पुजत होते. ती टायटॅनोसॉरची अंडी असल्याचं २०२३ मध्ये बातम्यांतून कळलं. आता यात कुणाची जपणूक सरस म्हणायची?

जबलपूर, धार, धोली डुंगरी या सगळ्यांचा दुवा एकच, लामेटा नावाचे गाळखडक. ते आपल्याकडे नागपूर-चंद्रपूर भागातही उघडे पडतात. म्हणून शोधाची सुरुवात कुदळीने नाही, भूशास्त्रीय नकाशाने होते. योग्य वयाचा गाळखडक कुठे उघडा आहे ते पाहायचं आणि मग चालायचं, मान खाली घालून, मैलोन्‌मैल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर जमिनीवर डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले तुकडे मिळतात. शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण त्याच तुकड्यांत जीवाश्मशास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिलिका कण सापडले. गवत डायनोसॉरनंतर आलं हा तोवरचा समज २००५ मध्ये या शेणाने मोडला.

राहिला वयाचा प्रश्न. 'कार्बन डेटिंग केलं असेल' हे उत्तर हमखास येतं आणि ते हमखास चूक असतं. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही. शिवाय गाळखडकाचे कण आधीच्या खडकांतून झिजून आलेले असतात, त्यांचं वय काढलं तर आजोबांचं निघेल, नातवाचं नाही.

इथे आपला सह्याद्री कामी येतो. घाटातून जाताना काळ्या कड्यांमध्ये तांबडे पट्टे दिसतात. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या उसंतीत तयार झालेली ती माती. काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात. स्फटिक बनताना त्यात युरेनियम शिरतं, शिसं जवळपास नाहीच. युरेनियम-२३८ निम्मं होऊन त्याचं शिसं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे आज त्यात किती शिसं साठलंय यावरून घड्याळ कधी सुरू झालं ते कळतं. खुद्द बेसाल्टसाठी, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या खडकासाठी, पोटॅशियम-अरगॉनच्या जातीची पद्धत वापरतात. अशा मोजणीतून दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भाग ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे येतो.

लामेटाचे खडक बहुतेक ठिकाणी या लाव्ह्याच्या खाली आहेत. वरच्या मजल्याचं वय कळलं की खालचा त्याहून जुना, एवढं पक्कं. त्याला जीवाश्मांच्या जाती आणि खडक बनताना त्यात गोठलेल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेची जोड दिली की आकडा आवळत जातो. धोली डुंगरीच्या सापाला अशा हिशेबाने सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षं मिळाली. तो अंड्यापाशी दबा धरून बसला, तेव्हा सह्याद्रीचे काळे कडे अजून उभे राहायचे होते.